नऊ कोंबड्या आणि चोर किती?

पत्र: जुन्नर तालुक्यात आमची अडीच एकर जमीन आहे. दोन बाजूंना शेजाऱ्यांचा ऊस, एका बाजूला ओढा. दोन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून आम्ही इथे राहायला आलो. २२ गावरान कोंबड्या होत्या, ५ शेळ्या, एक गाय आणि मोती नावाचा कुत्रा. गेल्या दोन महिन्यांत ९ कोंबड्या गेल्या. कधी एखादी नाहीशी होते, एकदा सकाळी चार मरून पडलेल्या होत्या. अंडी तर रोजच कमी भरतात. मागच्या आठवड्यात खुराड्यात सहा-सात फुटी पिवळसर साप निघाला, दिरांनी मारला. परवा वस्तीवरच्या एकाची शेळी बिबट्याने उचलली. दीर म्हणतात, मेलेल्या कोंबडीत थिमेट घालून बांधावर ठेवू. शेजारी म्हणतात, सगळे मिळून पिंजरा मागू. सासूबाई म्हणतात, मोतीला रात्री शेळ्यांजवळ बांध. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, ता. जुन्नर

ताई, सासूबाईंचं अर्धं ऐका, शेजाऱ्यांचं पाव, दिरांचं अजिबात नको.

आधी थिमेटचं बोलू, कारण ते आज रात्रीच बांधावर पडू शकतं. थिमेट म्हणजे फोरेट. २०२० संपताना त्यावर देशात बंदी आली, पण जुन्या पिशव्या गोठ्याच्या माळ्यावर अजून सापडतात. विष भरलेली कोंबडी बांधावर ठेवली की तिच्यावर पहिला हक्क तुमच्या मोतीचा. त्याच्यामागून कावळे, वस्तीवरची मांजरं आणि उरलंसुरलं टोचणाऱ्या तुमच्याच कोंबड्या. ज्याच्यासाठी ठेवलं तो आला तर आला. आणि तो आलाच, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा दिरांच्या नावावर लागतो. मुंगूस असो, रानमांजर असो की बिबट्या, सगळे त्या कायद्यात आहेत. पिशवी हातमोजे घालून काढा, मुलांचा आणि जनावरांचा हात-तोंड पोचणार नाही अशी कुलपात ठेवा आणि कृषी विभागाला कळवा. ओढ्यात किंवा उकिरड्यावर रिकामी करू नका.

आता कोंबड्या. तुमच्या पत्रातल्या तीन ओळी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, आणि तुम्ही सगळे मिळून एकच चोर शोधताय.

एखादी कोंबडी रात्रीतून नाहीशी, मागे थोडी पिसं आणि ती पिसं उसाकडे किंवा ओढ्याकडे ओळीने गेलेली: हे रानमांजर किंवा कोल्हा. दोघंही भूक असेल तेवढं उचलतात आणि लांब नेऊन खातात. चार मेलेल्या, न खाल्लेल्या, अंगणभर विखुरलेल्या आणि जाळी एका कोपऱ्यातून ओरबाडलेली असेल, तर ती कुत्री. मोकाट कुत्री भुकेपेक्षा खेळापोटी मारतात, कोंबडी फडफडायची थांबली की दुसरी धरतात. चारही खुराड्यातच, मुंडकी किंवा मानेजवळचं मांस खाल्लेलं आणि जाळी शाबूत असेल, तर वर बघा. पत्र्याखालच्या फटीतून उदमांजर उतरलेलं असतं. ते झाडावरून छपरावर आणि छपरावरून आत येतं. जमिनीकडे डोळे लावून बसलेल्यांना ते कधी सापडत नाही. मुंगसावर मात्र रात्रीचा आळ घेऊ नका. ते दिवसा फिरणारं जनावर आहे. दुपारी बारा-एकला, सगळे जेवायला बसलेले असताना, पिल्लं आणि अंडी नेतं.

आणि चौघींच्या अंगावर जखमच नसेल, तर शिकारी कुणीच नाही. मान वाकडी, हिरवट पातळ विष्ठा, आदल्या दिवशी पंख पाडून बसलेल्या, असं काही दिसलं होतं का? ती मानमोडी, म्हणजे राणीखेत, असू शकते. अशा वेळी जाळी नको, पशुवैद्यकीय दवाखाना हवा. मेलेल्या कोंबड्या दोन-अडीच फूट खोल पुरून वर चुना टाकायचा, आणि उरलेल्यांच्या लसीचं विचारायचं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या आसपास आर-टू-बी हे मानमोडीच्या लसीचे दोन डोस बहुतेक गावठी कळपांत चुकलेले असतात.

अंड्यांचं गणित निराळं. कवचाचा तुकडाही नाही, गवत जागच्या जागी, अंडं गायब: साप. कवच खुराड्याबाहेर चार-सहा फुटांवर फुटलेलं: मुंगूस. दिवसाउजेडी अंडं गेलं आणि मातीत दोन्ही बाजूंना पंजे, मधून शेपटीची ओढलेली रेघ: घोरपड. गवत ओलं-चिकट आणि एखाद्या कोंबडीच्या चोचीला वाळलेला पिवळा बलक: तुमचीच कोंबडी. ही शेवटची शक्यता लोक हसण्यावारी नेतात, पण अंडी रोज एक-दोनने कमी भरत असतील तर सगळ्यात आधी तीच तपासावी. कवच पातळ झालं की अंडं बसल्या जागी फुटतं, कोंबडी चव घेते आणि पुढे मुद्दाम फोडायला शिकते. शिंपल्याची भुकटी किंवा चुनखडीची कणी एका वेगळ्या थाळीत कायम ठेवा, अंडी सकाळी दहाला आणि दुपारी तीनला अशी दोनदा उचला, आणि अंडी घालायची खोकी अंधाऱ्या कोपऱ्यात न्या. चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांबी-रुंदी-उंचीचं एक खोकं पुरतं. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर बलकाच्या चोचीची ती एक कोंबडी वेगळी काढा.

अंदाज बांधण्यापेक्षा राख टाका. चुलीची राख बारीक चाळणीने चाळायची आणि दिवस मावळल्यावर खुराड्याभोवती दोन-अडीच फूट रुंद, एक बोटभर जाडीचा पट्टा पसरायचा. दारासमोर आणि पत्र्याच्या उतरत्या कडेखाली जरा जास्त. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी बघायचं, नाहीतर त्याच सगळं उकरून टाकतात. गोल ठसा, चार बोटं, नखांची खूण नाही: मांजरकुळ. रुपयाच्या नाण्याच्या साधारण दुप्पट रुंद असेल तर रानमांजर, तुमच्या तळहाताला भरेल एवढा असेल तर बिबट्या. नखांच्या टोकांची खूण असेल तर कुत्रा किंवा कोल्हा. कोल्ह्याचा ठसा अरुंद असतो आणि पावलं एका रेषेत पडलेली असतात, कुत्र्याची इकडेतिकडे भरकटतात. पाच बोटं उमटली असतील तर उदमांजर किंवा मुंगूस, आणि कोणतं ते वेळेवरून ठरवा. नागमोडी गुळगुळीत पट्टा म्हणजे साप. आणि खुराड्याच्या पायाशी मनगटाएवढं बीळ, तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असेल, तर घूस. घूस खुडूक बसलेल्या कोंबडीखालून अंडी आणि पिल्लं ओढून नेते आणि तिच्या बिळातून मागाहून साप आत येतो. पाच रात्री राख टाका, सकाळी ठशाशेजारी नाणं ठेवून फोटो काढा. पावसात राख कामाची नाही, तेव्हा ओली माती सारवून गुळगुळीत करा.

चोर कळला तरी उपाय फारसा बदलत नाही, कारण हे सगळे एकाच दोषावर जगतात: खुराडं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण दुकानात मिळणारी सहाकोनी कोंबडी-जाळी लावलेली असणार. तिचं काम कोंबडीला आत ठेवणं एवढंच. बाहेरच्याला अडवणं तिच्याने होत नाही. तिची तार कुत्रा दातांनी तोडतो, घूस कुरतडून भोक मोठं करते आणि साप तिच्यातून सहज आरपार जातो. तुमच्या उरलेल्या १३ आणि पुढे वाढतील त्या धरून २० कोंबड्यांना ८ बाय ४ फुटांचं रात्रीचं खुराडं पुरतं, पाखरामागे दीड चौरस फुटाच्या जरा वर. ते मोडू नका, त्यालाच नीट करा.

खालचे दोन फूट अर्धा इंची वेल्डमेश जाळी. तिचे चौकोन जागेवर जोडलेले असतात, ओढून रुंद होत नाहीत. त्यावर छतापर्यंत एक इंची वेल्डमेश चालेल. जाळी चौकटीच्या बाहेरून ठोका. बहुतेक सुतार आतून ठोकतात, दिसायला ते सुबक दिसतं. पण मग बाहेरून धक्का बसला की खिळे उपटतात. बाहेरून ठोकलेली जाळी धक्क्याने चौकटीवर अजून घट्ट दाबली जाते. दर चार इंचांवर यू-खिळा आणि वरून लाकडी पट्टी स्क्रूने. नायलॉनची मासेमारीची जाळी पायाशी कधीच लावू नका. साप तिच्यात अडकून तडफडतो आणि मग त्याला सोडवायला हात घालणारा अडचणीत येतो.

पायाशी खोदणाऱ्यांसाठी चर फार खोल लागत नाही. दोन फूट रुंद जाळीची पट्टी घ्या, सहा इंच भिंतीवर चढवून पक्की करा, बाकीचा दीड फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा, तीन-चार इंच मातीखाली दाबा आणि वर दगड रचा. कोल्हा असो की कुत्रा, खोदायला अगदी भिंतीला लागून सुरुवात करतो, आणि तिथेच त्याच्या नखांना जाळी लागते. दीड फूट मागे सरकून खोदायचं त्याला सुचत नाही. ८ बाय ४ च्या खुराड्याला कोपरे धरून साधारण ३० फूट पट्टी लागेल.

मग वरचं. सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा असेल तर त्याच्या नागमोडी वळ्यांखाली, भिंतीच्या माथ्यावर, जागोजागी दोन-अडीच इंचांची भोकं राहतात. उदमांजराचा रस्ता तोच. तिथे सिमेंट भरू नका. आतली गरम, अमोनियाची हवा तिथूनच निघते, आणि ती कोंडली की सर्दीने कोंबड्या घरघरायला लागतात. अर्धा इंची जाळीचे तुकडे गुंडाळून त्या वळ्यांत ठोसून बसवा आणि तारेने बांधा. छपरावर टेकलेली फांदी असेल तर ती तोडा.

दार सगळ्यात कच्चं असतं. खाली उंबरा हवा, चौकटीत फट बोटाच्या पेरापेक्षा जास्त नको, आणि कड्या दोन: एक वर, एक खाली. एकच कडी मधोमध असेल तर कुत्रा खालचा कोपरा नाकाने दाबून वाकवतो आणि तेवढ्यातून कोंबडी ओढतो. आत बसायला दोन इंच जाडीची, कडा घासलेली आडवी दांडी जमिनीपासून अडीच फुटांवर, पाखरामागे सात-आठ इंच. दांडीवर बसलेली कोंबडी घुशीच्या दाताला लागत नाही.

झाडावर झोपायची सवय लागलेल्या कोंबड्या तुमच्याकडे नक्की असतील. ‘नाहीशा’ झालेल्यांपैकी अर्ध्या त्याच असाव्यात. त्यांना आठ दिवस खुराड्यातच कोंडून ठेवा, खाणंपाणी आतच. नंतर रोज संध्याकाळचं खाणं फक्त आत टाका. अंधार पडायच्या अर्धा तास आधी मोजून बंद, सूर्य वर आल्यावर उघडायचं. मोजणं मनात नको, भिंतीवर खडूने आकडा लिहा. म्हणजे रात्री गेली की दिवसा, हे सकाळच्या आकड्यावरून कळतं.

दिवसाच्या चोरांसाठी, म्हणजे शिकरा, घार आणि मुंगसासाठी, पिल्लं पहिले पाच-सहा आठवडे आईसकट डाल्याखाली ठेवा किंवा वरून जाळी असलेल्या फिरत्या पिंजऱ्यात. मोठ्या कोंबड्यांना लपायला जागा लागते. उघडं, झाडून स्वच्छ केलेलं अंगण घारीच्या सोयीचं. दर वीस-पंचवीस फुटांवर तुरीचा ताटवा, लिंबाचं झुडूप, नाहीतर चार दगडांवर ठेवलेलं जुनं दार, एवढ्यानेही काम भागतं. कोंबडा हवाच. त्याची लांबलेली ‘क्र्र्र’ ऐकून सगळा कळप आडोशाला पळतो.

सापाचं. सहा-सात फुटी पिवळसर म्हणजे बहुधा धामण. नाग इतका लांब क्वचितच भरतो. धामण बिनविषारी, तिचं मुख्य खाणं उंदीर आणि बेडूक. पिल्लू सापडलं तर सोडत नाही हेही खरं, पण ती खुराड्यात आली ती उंदरांच्या मागावर. आता ती नाही आणि उंदीर आहेत. म्हणजे जागा नागाला किंवा घोणसीला मोकळी झाली. उंदीर कशाने येतात ते बघा: रात्री थाळीत उरलेली कणी, पोत्यातला मक्याचा भरडा, गव्हाणीखालचं सांडलेलं पेंडीचं पीठ. बाहेर चरणाऱ्या गावरान कोंबडीला वरून ४० ते ५० ग्रॅम खाद्य पुरतं. १३ कोंबड्यांना दिवसाला अर्धा-पाऊण किलो, दोन वेळांत वाटून, अर्ध्या तासात संपेल एवढंच. बाकी सगळं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, विटांवर. सरपण, विटा, पाचटाचा ढीग घरापासून आणि खुराड्यापासून तीस फूट तरी लांब, आणि त्यात हात घालायच्या आधी काठीने हलवायचं. उंदरांवर औषधाच्या वड्या टाकत असाल तर बंद करा. तो अर्धमेला उंदीर गव्हाणी घुबड उचलतं, नाहीतर मोती. सापळे लावा.

रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि गमबूट, झोपायला खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. ही शेवटची गोष्ट मण्यारीसाठी. ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावा इतका बारीक की पहाटे पोटात दुखायला लागेपर्यंत कळत नाही. कुणाला साप चावलाच तर करकचून दोरी नको, ब्लेड नको, चोखणं नको. हात किंवा पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, अंगठी-बांगड्या काढायच्या, १०८ ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय. आपल्याकडचं सापाच्या विषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच आहे. साप मारून दाखवायला नेण्यात वेळ घालवू नका. पुन्हा खुराड्यात निघाला तर दार उघडून लांब उभं राहा, नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आता बिबट्या, म्हणजे तुमच्याकडे म्हणतात तो वाघ. तुम्ही उसात राहता, म्हणजे त्याच्या घरालगत राहता. उसात त्याला आडोसा, पाणी आणि डुक्कर-कुत्री मिळतात, मादी पिल्लं तिथेच घालते. तुमच्या शेजारच्या अकोले भागातल्या शेतपट्ट्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचे ८५ नमुने तपासले. खाल्लेल्या भक्ष्यात, वजनाच्या हिशेबाने, ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. शेळी त्याला नको असते असं नाही. शेळी रात्री आत असते आणि कुत्रा बाहेर असतो, एवढाच फरक.

म्हणून मोती. सासूबाईंचं अर्धं बरोबर ते असं: कुत्रा शेळ्यांजवळ असावा, त्याला वास आधी लागतो. पण बाहेर खुंटीला साखळीने बांधलेला कुत्रा राखण करत नाही, तो आमिष असतो. बांधलेला पळू शकत नाही आणि त्याच्या भुंकण्याने जागा कळते. त्याला रात्री वाड्यातच, शेळ्यांच्या शेजारच्या जाळीबंद कप्प्यात ठेवा, नाहीतर पडवीत दार लावून. भुंकला तर खिडकीतून बॅटरी मारा, आवाज करा. अंधारात बघायला बाहेर जाऊ नका.

पाच शेळ्यांना ८ बाय १० फुटांचा वाडा पुरतो, मोठ्या शेळीमागे १०-१२ चौरस फूट धरून, करडांना जागा उरते. खाली तीन-साडेतीन फूट विटांची भिंत, वर सात-आठ फुटांपर्यंत दहा गेज जाडीच्या तारेची दोन इंची साखळी जाळी, तिची खालची कड विटांच्या थरात चिणलेली. उभ्या गजांची खिडकी नको. तो पंजा आत घालून पाय ओढतो, शेळी गजातून निघत नाही, पण वाचतही नाही. आणि छत. दर वेळी इथेच चुकतं. भिंत आठ फुटी बांधतात आणि वर पत्रे नुसते ठेवून त्यांवर दगड मांडतात. बिबट्याला आठ फूट म्हणजे एक उडी, आणि सुटा पत्रा म्हणजे दार. पत्रे जे-हुकांनी पाइपाला कसा. चारही बाजूंनी पत्रा मारून अंधारकोठडीही करू नका. लघवीच्या वाफेने शेळ्या ठसकतात आणि करडं न्यूमोनियाने जातात, मग बिबट्याची गरजच उरत नाही. जाळीचा वरचा भाग उघडाच हवा. मुरमाची जमीन दाराकडे उतरती, आठवड्यातून एकदा चुना.

दार घराकडे तोंड करून, लोखंडी चौकटीचं, खाली तीन इंचांपेक्षा कमी फट, आणि कडीला अडकवायला साधी पिन तरी. शेळीच कडी चाटून-हलवून उघडते. वाड्याभोवती वीस फूट गवत आणि घाणेरी काढा. हालचालीवर पेटणारा सौर दिवा बसवा, पण महिन्या-दोन महिन्यांनी त्याची जागा बदला, त्याच जागच्या दिव्याला सगळेच सरावतात. एकदम एवढा खर्च जमत नसेल तर आधी छत आणि दार, मग जाळी, दिवा सगळ्यात शेवटी. गायीचं फार मनावर घेऊ नका. मोठी गाय तो सहसा टाळतो, वासरू मात्र शेळ्यांबरोबर आत.

शेळ्या दिवस बुडायच्या आत घरी. उसाच्या कडेने मुलांना एकटं धाडू नका, आणि वाकून किंवा उकिडवं बसून करायची कामं, जसं गवत कापणं, भांडी घासणं, शौचाला जाणं, अंधारात उसालगत नकोत. वाकलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही. मोबाइलवर गाणी लावून चालणं हा स्वस्त आणि खरा उपाय आहे.

आता शेजाऱ्यांचं पाव. सगळे मिळून वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, हे बरोबर. पण मागणी पिंजऱ्याची नको. पकडलेल्या बिबट्याची जागा रिकामी राहत नाही, आजूबाजूचा दुसरा येतो, आणि तो नवखा असतो. जुन्नरनेच हे भोगलं आहे. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मग मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले, आणि सरासरी सतरावर गेली. माणसावर हल्ला झाला असेल तर गोष्ट निराळी, तो निर्णय वनविभाग घेतो आणि घ्यावाही लागतो. शेळीसाठी मात्र वाडा मागा: बंदिस्त गोठ्यांना काही मदत चालू आहे का ते विचारा, रात्रीची गस्त मागा, ओढ्याकाठी ठसे दिसले तिथे ट्रॅप कॅमेरा, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा, मागा. आणि वस्तीवर मेलेली कोंबडी-करडं उघड्यावर टाकणं सगळ्यांनी बंद करायचं ठरवा. तो ढीग कुत्री जमवतो आणि कुत्री बिबट्या आणतात.

तुमच्या शेजाऱ्यांनी भरपाईचा अर्ज केला का? गाय, म्हैस, शेळी, मेंढी वन्यप्राण्याने मारली तर राज्य सरकार बाजारभावाच्या प्रमाणात भरपाई देतं, पण ४८ तासांच्या आत वनकर्मचाऱ्याला कळवावं लागतं आणि पंचनामा होईपर्यंत जनावर जागचं हलवायचं नाही. ते उन्हात पडू देववत नाही म्हणून लोक पुरतात आणि प्रकरण तिथेच संपतं. वर ताडपत्री टाका, गळ्यावरच्या सुळ्यांच्या खुणा, ओढल्याचा माग, भोवतीचे ठसे यांचे फोटो घ्या. गळ्यावर खोल भोकं आणि पोटाकडून किंवा मांडीकडून खाल्लेलं असेल तर बिबट्या. मागचे पाय, कान, बगला फाटलेल्या असतील तर कुत्री, आणि कुत्र्यांची भरपाई मिळत नाही. पशुवैद्यकाचा दाखला, आधार, बँक पासबुक लागतं. शेळ्यांच्या कानात १२ अंकी बिल्ला नसेल तर या आठवड्यातच दवाखान्यात जाऊन मारून घ्या, त्यावाचून कागद अडतो. कोंबड्यांचा यात हिशेब धरू नका.

शेवटी एक तारीख विचारून ठेवा. तुमच्या दोन्ही बाजूंचा ऊस कधी तुटणार, हे मुकादमाकडून आधीच काढा. तोड सुरू झाली की आडोसा एका दिवसात जातो, आणि पुढचे पंधरा दिवस बिबट्या जास्त दिसतो. तोपर्यंत वाड्याचं छत झालेलं हवं. तोडताना सरीत मांजराएवढी पिल्लं सापडली तर त्यांना उचलायचं नाही, घरी आणायचं नाही, फोटोसाठी गर्दी नाही. आई जवळच कुठेतरी असते. त्या तुकड्यातली तोड थांबवून १९२६ ला कळवायचं. वनविभागाचे आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे लोक येऊन पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात. आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. तेवढी एक रात्र मोती आत, शेळ्या आत, आणि त्या सरीकडे कुणी फिरकायचं नाही.